कोनतं धामनगाव, रेल्वे का गढी?

अमरावती जिल्ह्यात नुसतं ‘धामणगाव’ सांगून भागत नाही. “कुठचे व भाऊ तुमी?” “धामनगावचा.” लगेच पुढचा प्रश्न येतो, “कोनतं? रेल्वे का गढी?” चांदूरचीही तीच गत. एक चांदूर रेल्वे, दुसरं चांदूर बाजार. नांदगाव खंडेश्वर वेगळं, नांदगाव पेठ वेगळं. एका गावाच्या वाट्याला देव आला, दुसऱ्याच्या बाजार, तिसऱ्याच्या गढी, आणि आमच्या धामणगावाच्या वाट्याला आगगाडी. शहर कोण आणि खेडं कोण, या वऱ्हाडातल्या जुन्या चिडवाचिडवीची सुरुवात अशी गावाच्या पाटीपासूनच होते.

ही आगगाडी इथे आली ती कापसासाठी. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळकडून येणारा फाटा 1867 मध्ये नागपूरला पोचला. रुळांनी जुन्या पेठांचा मान राखला नाही. अमरावतीसारखं नामांकित शहर बाजूला राहिलं, मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावतीला पुढे एक फाटा काढून द्यावा लागला. धामणगावला मात्र मुख्य मार्गावरचं स्टेशन मिळालं. स्टेशनाभोवती जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, अडते आले, मारवाडी-गुजराती व्यापारी आले, दत्तापूर आणि स्टेशनालगतची वस्ती मिळून शहर झालं. मूळचं गाव ‘जुनं धामणगाव’ म्हणून जवळच राहिलं. एकाच नावाच्या दोन वस्त्या, एक शेतीची आणि एक गाडीची.

यवतमाळची गोष्ट तर आणखी रंगतदार. जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथे 1903 पासून धावली ती मूर्तिजापूरची अरुंद रुळांची शकुंतला. मुंबईची मोठी गाडी धरायची तर यवतमाळकराला धामणगाव गाठावं लागे. म्हणून धामणगावचा माणूस फलाटावर ट्रंकेवर बसलेल्या यवतमाळच्या पाहुण्याला हमखास चिमटा काढणार, “जिल्हा तुमचा बाप्पा, पन गाडी आमचीच!” अमरावतीच्या माणसालाही तो सोडत नाही, कारण तुमचं स्टेशन म्हणजे फाट्याचं शेवटचं टोक, आमच्याकडून हावडा-मुंबई जाते. अमरावतीकरही गप्प बसत नाही. “तुमच्याकून जाते खरी, पन थांबते किती?” असं विचारून तो परतफेड करतो.

वऱ्हाडातली शहर-खेड्याची चढाओढ अशी पायऱ्यापायऱ्यांची आहे. आजूबाजूच्या खेड्यातून शाळेसाठी धामणगावात आलेलं पोरगं इथल्या पोरांच्या लेखी ‘खेड्यावरचं’. तेच धामणगावचं पोरगं कॉलेजला अमरावतीत गेलं की ते खेड्यावरचं. अमरावतीकर नागपुरात गेला की त्याची ‘वऱ्हाडी’ बोली ऐकून नागपूरकर हसतो, आणि नागपूरकर पुण्यात उतरला की त्याच्या ‘करून राह्यलो’वर पेठेतला माणूस हसतो. प्रत्येक जण कोणाच्या तरी दृष्टीने शहरी आणि कोणाच्या तरी दृष्टीने गावठी. त्यामुळे टोमणा मारणाऱ्याला तो झेलायचीही सवय असते. मला या चिडवाचिडवीतली हीच बाजू मोलाची वाटते. जोवर उलट उत्तर द्यायची सोय आहे, तोवर टोमणा जखम करत नाही.

आमच्याकडे ही सोय सणातच करून ठेवली आहे. पिठोरी अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन त्यांच्या कानात द्यायचं. पोळ्याच्या दुपारी झुली, बेगड, गोंडे, घुंगरमाळा चढवून जोड्या आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, येतात. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, मानाची जोडी पुढे, आणि तोरण तुटेपर्यंतचा वेळ झडत्यांचा. कोणी एक जण हात वर करून चार-सहा ओळी खड्या आवाजात म्हणतो, शेवटी सगळा आखर ‘हर हर महादेव’ करतो आणि समोरच्या जोडीकडून उत्तर येतं. झडतीत कोणाची गय नसते. सावकार येतो, पाटील येतो, कापसाचा भाव येतो, सरकार येतं, आणि शहरातून सणाला आलेला, चिखल चुकवत उभा असलेला गॉगलवाला पाहुणाही येतो. त्याने चिडायचं नसतं. जमलं तर उलट झडती म्हणायची, नाही जमलं तर हसून घ्यायचं. ज्याच्या वावरात वर्षभर राबायचं त्या पाटलाला त्याचा सालदार भर आखरावर चार शब्द सुनावतो आणि पाटील ते ऐकून घेतो. वर्षात असा दिवस हा एकच. मग तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि जोड्या घरोघर ओवाळून घ्यायला निघतात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरचा नंबर. तिथे तान्हा पोळा भरतो, लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून आणतात. खेड्यातला माणूस त्यावर म्हणणारच, “तुमचा बैल ना कडबा खाय, ना वखर ओढे!” पण त्याच दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. सोबत बडगे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं त्याचे पुतळे. शतकाहून जुनी ही प्रथा. मला तर झडती आणि बडग्या ही एकाच रक्ताची भावंडं वाटतात. एकाचं घर आखरावर, दुसऱ्याचं नागपूरच्या महाल आणि इतवारी या वस्त्यांत. चारचौघांत, सणाच्या आडून खरं बोलायचं, ही खोड विदर्भात शहराला आणि खेड्याला सारखीच आहे.

पुण्याशी असलेली आमची स्पर्धा चालते ती महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी ही गाडी धामणगाव, बडनेरा, अकोला करत पुण्याला पोचते, आणि शिकायला-नोकरीला निघालेली वऱ्हाडी पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिने नेली आहेत. पिशवीत तुरीची डाळ, ज्वारीच्या खारोड्या, मुगवड्या, हिरव्या मिरचीचा ठेचा. पुण्याच्या मंडईत हे पोरगं भाजीवाल्याला दहा रुपयांचा सांबार मागतं आणि भाजीवाला त्याला इडलीच्या हॉटेलाचा रस्ता दाखवतो. त्याला हवी असते कोथिंबीर. पुण्याची घरमालकीण वऱ्हाडी मुलीच्या ‘मी जातो, मी येतो’वर हसते, कारण आमच्याकडे बायाही तसंच बोलतात. मग सुट्टीत घरी आल्यावर त्याच पोराने चुकून ‘मला’ म्हटलं की आजी म्हणते, “‘मले’ म्हन लेका, मंग वाढतो भाकर.” पुण्याच्या पाहुणचाराचे किस्से गावात तिखटमीठ लावून सांगितले जातात. ते सगळे खरे नसतात. वऱ्हाडात मात्र दुपारी बाराला दारात आलेला माणूस जेवल्याबिगर जात नाही, आणि नाही म्हणणाऱ्याच्या ताटात आधी वाढून मग विचारतात, हे कुठल्याही खेड्यात आजही पाहायला मिळतं.

जगात हा खेळ ठिकठिकाणी चालतो. आयर्लंडमध्ये डब्लिनबाहेरच्या माणसाला राजधानीतले लोक ‘कल्ची’ म्हणतात, आणि गावाकडचे उलट डब्लिनकराला ‘जॅकीन’. गेलिक फुटबॉलचा अंतिम सामना डब्लिनच्याच क्रोक पार्कवर होतो आणि गावोगावचे लोक आपापल्या परगण्याचे रंग अंगावर घालून राजधानीत उतरतात. आपल्याकडे मैदान फुटबॉलचं नाही, भाषेचं आहे.

आणि या मैदानात वऱ्हाडची बाजू लंगडी मुळीच नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलं ते याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. धामणगावपासून जवळच, वर्धेच्या काठी, कौंडण्यपूर. द्वारकेच्या कृष्णाची रुक्मिणी इथलीच मानतात, आणि तिची पालखी आजही पायी पंढरपूरला जाते. गाडगेबाबा शेंडगावचे, शाळेचं तोंड न पाहिलेले. मुंबईत कीर्तनाला उभे राहिले तरी त्यांनी आपली बोली बदलली नाही. प्रश्न विचारायचे, उत्तर श्रोत्यांकडून वदवून घ्यायचे, आणि शिकली-सवरलेली मुंबई त्यांना उत्तरं देत बसायची. 1983 मध्ये स्थापन झालेलं अमरावतीचं विद्यापीठ आज त्यांचं नाव लावतं. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने 1960 मध्ये वऱ्हाडी संवाद मराठी कादंबरीच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवले. पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’मध्ये खेड्यातल्या तरुणाच्या तोंडून सगळ्या व्यवस्थेची झडती घेतली, अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी आणि यवतमाळच्या शंकर बडे यांनी वऱ्हाडी कविता महाराष्ट्रभरच्या व्यासपीठांवर गाजवली. भारत गणेशपुरेंनी तर ‘चला हवा येऊ द्या’मधून ही बोली घराघरांतल्या टीव्हीवर नेली. पुण्यातली पोरं ‘काऊन बे’ म्हणायला शिकली ती तिथूनच.

तरी एक गोष्ट मला सलते. नाटकात, टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेक वेळा हसवायलाच येतो. तोच माणूस बँकेच्या काउंटरवर, इस्पितळात, मुलाखतीत तशाच भाषेत बोलला की समोरच्याचा चेहरा बदलतो. तिथे त्याला उलट झडती म्हणता येत नाही. वर्गात ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर ‘डोळा’ म्हणायला लावलं की ते पोरगं पुढच्या वेळी हातच वर करत नाही. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, पण पोराची जीभ बांधून नव्हे.

लग्नाच्या बाजारातही तसंच झालं आहे. मुलीचा बाप विचारतो, “वावर किती?” आणि लगेच पुढे, “पन पोरगा वावरात तर नाई जात न?” हा विनोद आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण धामणगावच्या आसपास कोणत्याही गावात जा, तिशी ओलांडलेले, शेती नीट करणारे, निर्व्यसनी तरुण बिनलग्नाचे दिसतील. त्यांच्या आईसमोर हा विनोद कोणी सांगत नाही. कापसाला भाव होता तेव्हा जिनाच्या रांगेत बंडीवर बसलेला कास्तकार शहराला बरोबरीने चिडवायचा. खिसा रिकामा झाला की बरोबरी जाते, आणि मग तोच टोमणा लागतो.

पोळ्यालाही आता जोड्या कमी झाल्यात. काही गावांत तोरणाखाली ट्रॅक्टर उभे राहतात. झडत्या मात्र टिकून आहेत, काही ठिकाणी त्यांच्या स्पर्धा भरतात, मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ फिरतात. पण जुन्या, लांब, सवाल-जवाबाच्या झडत्या तोंडपाठ असलेली माणसं सत्तरी-ऐंशीतली आहेत आणि त्यांच्या वह्या नाहीत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी येत्या पिठोरीला रेकॉर्डर घेऊन तालुक्या-तालुक्यांत पांगावं, धामणगाव रेल्वे, धामणगाव गढी, दोन्हीकडे. कोणत्या गावाने कोणाला काय सुनावलं, सगळं टिपून घ्यावं. त्यात शहरातून आलेल्या त्या विद्यार्थ्यांवरही दोन-चार झडत्या होतीलच, त्याही टिपाव्यात.