जीवाणूची उग्रता : फुप्फुसातील एक उदाहरण

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार होय. सीएफटीआर या जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील अशा दोघांकडून आली तरच तो होतो. (हे जनुक १९८९ साली सापडले.) त्यात क्षारांची ने-आण बिघडते, श्वासनलिकांतील स्राव घट्ट होतो व जीवाणू तेथे ठाण मांडतात. प्रौढ रुग्णांत स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू दीर्घकाळ सर्वांत घातक मानला गेला.

त्याची हत्यारे कोणती, हे कसे ओळखतात? ट्रान्सपोझॉन नावाचा डीएनएचा तुकडा जीवाणूत सोडतात. तो ज्या जनुकात शिरतो ते निकामी होते. अशी हजारो वाणे तयार करून कोणाची मारकशक्ती गेली ते पाहावयाचे. रुग्णावर असा प्रयोग शक्य नाही. म्हणून बोस्टन येथील संशोधकांनी १९९५ साली एका रुग्णातून मिळालेले पीए१४ हे वाण वनस्पतीच्या पानावर व भाजलेल्या उंदरावर तपासले. काही जनुके निकामी केली असता दोन्हीकडे रोग सौम्य झाला! १९९९ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमीही या कामी आला. वर्गात फळ्यावर लिहिली जाणारी विषे, विकरे व स्रावयंत्रणा यांची यादी बव्हंशी अशाच प्रयोगांतून आलेली आहे.

परंतु ही यादी रुग्णाच्या फुप्फुसाला जशीच्या तशी लागू पडते काय? २००६ साली सिएटलच्या संशोधकांनी एकाच रुग्णाच्या सहाव्या महिन्यातील आणि आठव्या वर्षातील जीवाणूंचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले. अडुसष्ट उत्परिवर्तने आढळली. आणि त्यांतील अनेक नेमकी उग्रतेच्या जनुकांतच होती. ज्या हत्यारांनी जीवाणूने प्रथम शिरकाव केला, तीच त्याने कालांतराने टाकून दिली. अनेक हत्यारांचे नियंत्रण करणारे लासआर हे जनुकही कित्येक रुग्णांत असेच निकामी झालेले आढळते. उलट म्यूकए या जनुकात दोष आला की जीवाणू अल्जिनेट नावाचे बुळबुळीत आवरण भरमसाट तयार करतो. रक्तातील भक्षक पेशींना व प्रतिजैविकांना त्यातून वाट काढणे कठीण जाते. अशा वसाहती संवर्धनपात्रात नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतात.

मराठीत उग्रता म्हटले की अंगभूत स्वभाव डोळ्यांसमोर येतो. हा शब्द येथे थोडा फसवा आहे. कृमीला न मारणारे वाण रुग्णाला निरुपद्रवी असेलच असे नाही. ते फुप्फुसात वर्षानुवर्षे मुक्काम करू शकते. शिवाय एकाच रुग्णाच्या कफात एकाच वेळी वेगवेगळी वाणे नांदतात. त्यामुळे एक वसाहत उचलून केलेले निदान अपुरे ठरते, आणि केवळ जुन्या संसर्गाचा नमुना पाहिला तर सुरुवातीची हत्यारे दिसतच नाहीत.

२०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन घटकांच्या औषधाने अनेक रुग्णांचा स्राव पातळ झाला, श्वास सुधारला. तरीही ज्यांच्या फुप्फुसात हा जीवाणू आधीच रुजला होता, त्यांच्यापैकी अनेकांत तो कमी संख्येने का होईना, टिकून आहे.