जुन्या स्पोर्ट्स मोटारीची घरगुती दुरुस्ती

इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात एम. जी. बी. नावाची एक बुटकी, देखणी मोटार तयार होत असे. तिची किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्यापूर्वी मागच्या बाजूने टिक्‌ टिक्‌ असा आवाज ऐकू येतो. तो पेट्रोलच्या विजेच्या पंपाचा. कार्बुरेटरच्या वाट्या भरल्या की आवाज थांबतो. थांबलाच नाही, तर टाकी रिकामी आहे, कोठे तरी गळती आहे किंवा पंप हवा ओढतो आहे असे समजावे. आवाज मुळीच आला नाही, तर बहुधा पंपातील पॉइंट चिकटलेले असतात. मग मालक गाडीखाली वाकून पान्याने पंपावर हलकेच टकटक करतो आणि पुढच्या प्रवासाला लागतो. आपले दुखणे इतक्या उघडपणे सांगणारी यंत्रे आता थोडीच उरली आहेत. पाच लाखांहून अधिक संख्येने निघालेली ही गाडी घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांची लाडकी ठरली, ती त्यामुळेच.

आपल्यापैकी पुष्कळांना तिचे इंजिन परके वाटू नये. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या ॲम्बॅसडर गाडीत अनेक वर्षे १४८९ घन सेंटिमीटरचे जे पेट्रोल इंजिन बसवीत, त्याच घराण्यातले हे १७९८ घन सेंटिमीटरचे थोरले भावंड. कोलकात्याच्या टॅक्सीवर हात बसलेल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीपुढे एम. जी. बी.चे बॉनेट उघडले, तर त्याला फारसे काही विचारावे लागणार नाही.

परंतु नवा मालक पहिली चूक करतो ती बॉनेट उघडूनच. त्याला वेग हवा असतो, म्हणून तो इंजिनाला हात घालतो. या गाडीचे खरे मर्म मात्र दाराखाली आहे. तिच्या आधीच्या एम. जी. ए. या गाडीला स्वतंत्र लोखंडी सांगाडा होता, एम. जी. बी.ला तो नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा. उघड्या गाडीला छपराचाही आधार नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे बरेचसे काम दाराखालच्या दोन उंबरठ्यांवर पडते. हा उंबरठा म्हणजे आतला पत्रा, बाहेरचा पत्रा आणि त्यांच्यामधला उभा पडदा मिळून झालेली पोकळ पेटी. पावसाचे पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेले मीठ या पेटीत शिरते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतला पडदा कित्येकदा संपलेला असतो.

लबाडीही येथेच चालते. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकून, लांबी भरून आणि रंग चढवून गाडी विकली जाते. म्हणून खरेदीला जाताना लहानसे लोहचुंबक खिशात असावे. लांबीवर ते चिकटत नाही. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. जॅकने गाडीची एक बाजू उचलावी आणि दार उघडून पाहावे. दार अडकू लागले, फट कमी झाली, तर गाडी मध्येच वाकते आहे. अशा गाडीला अधिक शक्तीचे इंजिन बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर माडी चढवणे होय.

उंबरठा बदलण्याचे काम हौशी माणसालाही जमते, फक्त घाई उपयोगी नाही. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करून दोन्ही टोके जखडावीत. एका वेळी एकच बाजू कापावी. गाडी सपाट जमिनीवर भक्कम घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणीही शिरू नये. नवा पत्रा कायमचा जोडण्याआधी दार लावून फटी पुन्हापुन्हा तपासाव्यात. पट्टी न लावता दोन्ही बाजू एकदम कापल्या, तर गाडी किंचित खचते आणि त्याच खचलेल्या आकारात वेल्ड होऊन बसते. मग ते दार पुन्हा नीट लागत नाही. सारे शरीरच हाताबाहेर गेले असेल, तर १९८८ पासून मूळ साच्यांवर नवी शरीरे काढली जाऊ लागली. परंतु तो खर्च सर्वांना झेपणारा नव्हे.

ब्रेकविषयी थोडक्यात. त्यातील द्रव हवेतली ओल शोषतो, म्हणून तो दर दोन वर्षांनी बदलावा. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात आणि पाय काढल्यावरही ब्रेक धरून ठेवतात.

या गाडीच्या विजेच्या व्यवस्थेची फार बदनामी झाली आहे. माझ्या मते तिच्यातील बराचसा दोष गंजलेल्या जोडांचा आणि कच्च्या अर्थिंगचा असतो. पॉलिश कागद घेऊन एक दुपार घालवली, तर मंद दिवे उजळतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थ केलेले असे. तेथे आजचा रेडिओ तसाच जोडला, तर जळतो. ऋण टोक अर्थ करायचे, तर केवळ बॅटरीच्या तारांची अदलाबदल पुरत नाही. कॉइलच्या तारा बदलाव्या लागतात आणि डायनॅमोलाही क्षणभर वीज देऊन नवी दिशा शिकवावी लागते. आसनांमागे दडवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी बारा व्होल्टची एकच बसवणे ही मात्र निर्धोक सुधारणा.

पेट्रोल बदलले, त्यालाही तोंड द्यावे लागते. ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. शिशाच्या थराने झडपांच्या बैठकी वाचत. तो गेल्यावर त्या झिजून झडप आत रुतते आणि तिची फट कमी होत जाते. ही फट एका इंचाच्या पंधरा सहस्रांश असावी. तपासणीची वही ठेवावी. प्रत्येक वेळी ती आवळत चालली असेल, तर हेड उतरवून कठीण बैठकी बसवण्याची वेळ आली. सप्टेंबर २०२१ पासून तेथील सामान्य पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने खराब होते, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या त्याला टिकणाऱ्या घ्याव्यात. तापलेल्या इंजिनाशेजारी गळणारी नळी म्हणजे आगच.

एवढे झाल्यावर कार्बुरेटरकडे वळावे. झडपा, प्लग, पॉइंट आणि टायमिंग पाहिल्याशिवाय त्यांना हात लावू नये, कारण ठिणगीचे पाप पुष्कळदा त्यांच्या माथी मारले जाते. येथे कार्बुरेटर दोन, आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. त्यासाठी हातभर रबरी नळी पुरते. इंजिन गरम करून मंद चालू ठेवावे, दोन कार्बुरेटरांना जोडणारा दुवा सैल करावा, नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने त्यांच्या तोंडाशी धरावे. दोन्हींचा फुत्कार एकसारखा होईपर्यंत स्क्रू फिरवावेत. मग एकाचा पिस्टन मिलिमीटरभराहून किंचित कमी उचलून पाहावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे; ते अडखळून बंद पडू लागले, तर कमी. वेग क्षणभर जरासा वाढून पूर्ववत झाला, की तो कार्बुरेटर सोडावा, दुसरा घ्यावा, आणि शेवटी नळी पुन्हा एकदा कानाला लावावी.