गोचिडीचा अहवाल जंगलाचा, रुग्णाचा नव्हे

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला आणि गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्गातील दोडामार्ग व गोव्यातील सत्तरीपर्यंत पोहोचलेला माकडताप मुख्यतः ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ या गोचिडीमुळे पसरतो. तिची अळी आणि प्रौढ यांमधली अवस्था, म्हणजे निम्फ, माणसाला अधिक चावते; ती तिळाहूनही लहान असल्याने बहुधा नजरेलाच पडत नाही.

अशा गोचिडी गोळा करण्यासाठी जंगलातील पाचोळ्यावरून पांढरे कापड ओढत नेतात, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने कुपीत भरून थंड ठेवतात आणि प्रयोगशाळेत त्यांची जात ओळखून एकेका जातीचे गट करतात. प्रत्येक गट एकत्र वाटून ‘आरटी-पीसीआर’ने, म्हणजे विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनवून व त्याच्या अनेक प्रती काढून विषाणू ओळखणाऱ्या पद्धतीने, तपासला जातो. समजा, ५०० गोचिडींचे ५०-५० चे दहा गट केले आणि त्यांतला एक बाधित निघाला, तर संसर्गाचे किमान प्रमाण हजारी दोन धरतात. त्या गटात बाधित गोचीड एक होती की दहा, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही, आणि ‘किमान’ हा शब्द बातम्यांतून नेमका गळतो.

शिवाय या चाचणीत आरएनए सापडतो, विषाणू जिवंत होता असे सिद्ध होत नाही. मेलेल्या माकडाच्या अंगावरून काढलेल्या, रक्त प्यालेल्या गोचिडीत तो आरएनए माकडाच्या रक्तातूनही आलेला असू शकतो. तरीही विषाणू कोणत्या रानात फिरतो आहे हे माणसे आजारी पडण्याआधी कळण्याचा हा मोलाचा मार्ग आहे, आणि कोणत्या गावांना आधी सावध करावे हे ठरवायला तो पुरेसा आहे.

एखाद्या व्यक्तीच्या अंगावरून काढलेल्या गोचिडीबाबत मात्र हिशेब बदलतो. ती बाधित असली तरी विषाणू शरीरात गेलाच असे नाही, आणि ती निर्दोष ठरली तरी न दिसलेली दुसरी चावून गेलेली असू शकते. त्यातच चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येत असल्याने अहवालाची वाट पाहणे घातक ठरते. निदान रक्तातूनच होते: पहिल्या काही दिवसांत आरटी-पीसीआरने, नंतर प्रतिपिंडांच्या चाचणीने. काजूबागेत किंवा रानात जाऊन आल्यावर ताप भरला, तर गोचीड सापडली नसली तरी तिथे गेल्याचे डॉक्टरांना सांगावे.