पंख्यांची विमाने आणि ढगाआडचे डोंगर

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाली आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला उतरली. बोटीने याच प्रवासाला दोन आठवड्यांहून अधिक लागत. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीच्या या विमानाला चार इंजिने होती. आतल्या हवेचा दाब राखलेला असल्याने ते वीस हजार फुटांच्या आसपास, बऱ्याचशा वादळवाऱ्याच्या वरून जाई. खुर्च्या मागे रेलत, पाय लांब करता येत.

देशातल्या देशात मात्र राज्य होते डाकोटाचे. शेपटीकडचे चाक छोटे, त्यामुळे जमिनीवर उभ्या विमानात शिरले की चढ चढूनच खुर्ची गाठायची. दाब राखण्याची सोय नसल्याने दहा हजार फुटांच्या आतच उडायचे; उतरताना कानांना दडे बसत. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या पठारावरून जाताना विमान असे आपटे की कागदी पिशवी हाताशी लागे. पंख्यांच्या रांगेत बसणाऱ्याला शेजाऱ्याशी ओरडूनच बोलावे लागे. पण खिडकीतून नद्या, शेते, रेल्वेचे रूळ ओळखू येत. १९४९पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालविमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. १९५३च्या डिसेंबरात त्यांतलेच एक विमान नागपूरहून उडताच कोसळले. १३ जण गेले.

इंजिनांची धास्ती खोटी नव्हती. कॉन्स्टेलेशनच्या प्रत्येक राइट इंजिनात १८ सिलिंडर. ती तापत, कधी पेटत. रात्री धुराड्यातून निघणाऱ्या ज्वाळा पाहून नवख्या प्रवाशाची झोप उडे. एक इंजिन वाटेत बंद करावे लागणे इतके नेहमीचे, की या चार इंजिनांच्या विमानाला वैमानिक थट्टेने ‘जगातले सर्वोत्तम तीन इंजिनी विमान’ म्हणत. म्हणून तर इंजिनांवर नजर ठेवायला कॉकपिटमध्ये स्वतंत्र फ्लाइट इंजिनिअर असे.

तरीही त्या काळातले काही मोठे अपघात वेगळेच सांगतात. १२ जुलै १९४९ रोजी सांताक्रूझला उतरू पाहणारे केएलएमचे कॉन्स्टेलेशन पावसाळी ढगांत घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. ४५ जण ठार झाले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी खुद्द ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधल्या माँ ब्लाँवर आदळली; ४८ जणांपैकी कुणी वाचले नाही. आपण नेमके कुठे आहोत, हे ढगात शिरल्यावर वैमानिकाला अंदाजाने ठरवावे लागे. वेग, दिशा आणि घड्याळ यांचा हिशेब, रेडिओचे खुणेचे संदेश, रात्र निरभ्र असेल तर तारे, एवढीच साधने. वाऱ्याने हिशेब चुकवला की डोंगर समोर उभा.

१९६०मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आली आणि १९६२पर्यंत कंपनीचा सगळा ताफा जेट झाला. पंखे गेले, थरथर गेली, प्रवास निम्म्या वेळात होऊ लागला. पण ७ जुलै १९६२ रोजी अलिटालियाचे जेट मुंबईकडे येताना वेळेआधीच खाली उतरले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग त्याच माँ ब्लाँवर कोसळले. ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते. इंजिन बदलले, चूक तीच राहिली.

ती आवाक्यात आणली जमिनीवरच्या रडारने, धावपट्टीकडे नेणाऱ्या इन्स्ट्रुमेंट लँडिंग यंत्रणेने आणि सत्तरच्या दशकात आलेल्या, जमीन जवळ येताच वैमानिकाला सावध करणाऱ्या यंत्राने. पंख्यांच्या विमानांतला ऐसपैसपणा आठवून हळहळणारे खोटे बोलत नाहीत. तिथे गुडघ्यांना खरोखरच जागा होती. आज ती आखडली आहे. पण ढगाआडच्या डोंगराचा इशारा वेळेत मिळतो, आणि या सौद्यात प्रवासी नफ्यातच आहे.