स्नोबोर्ड घेताय? आधी वजन आणि बूट बघा!

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजच्या ग्रुपवर गुलमर्गचा प्लॅन शिजायला लागतो. एकदा जाऊन आलेल्यांना तर स्नोबोर्डिंगचा किडाच चावलेला असतो. 'या वर्षी स्वतःचाच बोर्ड घ्यायचा,' असं तुम्हीही ठरवलंय? मग साठवलेला पॉकेटमनी उडवण्याआधी हे वाचाच.

एकच बोर्ड परवडणार असेल, तर 'ऑल-माउंटन फ्रीस्टाइल' प्रकार बघा. हा टीममधला ऑलराउंडर. उतारावर वेगात वळणं घ्या, छोट्या उड्या मारा, नाहीतर उलट्या दिशेने घसरा, सगळं जमतं.

आकार : दोन्ही टोकं सारखी असतील तर तो 'ट्विन'. ट्रिक्ससाठी मस्त. पण गुलमर्गचा भुसभुशीत ताजा बर्फही अनुभवायचा असेल, तर 'डिरेक्शनल ट्विन' बरा. त्याचं पुढचं टोक बर्फावर तरंगायला मदत करतं.

बाक : बोर्ड जमिनीवर ठेवा आणि बाजूने बघा. मधला भाग कमानीसारखा उचललेला असेल तर तो 'कॅम्बर'. कडक बर्फावर पकड छान, उडीही जोरदार. पण चूक झाली की कड रुतते आणि आपण तोंडावर! मध्ये टेकलेला आणि टोकांकडे वर गेलेला तो 'रॉकर'. तो चुका पोटात घालतो, पण कडक बर्फावर निसटतो. दोन्हींचा मेळ म्हणजे 'हायब्रिड'. नुकतंच शिकलेल्यांना तो सोयीचा.

फ्लेक्स : म्हणजे बोर्डचा लवचीकपणा. बहुतेक कंपन्या १ ते १० आकडे देतात. ४ ते ६ च्या आसपासचा घ्या. मात्र प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी, हे विसरू नका.

लांबी : 'हनुवटीपासून नाकापर्यंत' हा जुना हिशेब. खरा हिशेब वजनाचा. तुमच्या वजनासाठी बोर्ड नरम पडला तर वेगात थरथरतो, फार मोठा घेतला तर वळता वळत नाही. त्यामुळे कंपनीचा तक्ता बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

रुंदी : इथे बरेचजण फसतात. पाय मोठा आणि बोर्ड अरुंद असेल, तर वळताना बुटाचं टोक बर्फाला घासतं आणि आपण आडवे. बूट साधारण यूके १० च्या पुढे असेल, तर 'वाइड' बोर्डची चौकशी करा.

आणि हो, बजेट कमी असेल तर आधी बूट घ्या. टाच आत उचलली गेली, तर महागातला बोर्डही ऐकत नाही. बोर्ड गुलमर्गमध्ये भाड्याने मिळतात. रोज वेगळा घेऊन बघा, लांबी आणि फ्लेक्स मोबाइलमध्ये टिपून ठेवा. घरी परत येईपर्यंत आपल्याला काय हवंय, ते नक्की कळेल. फक्त हेल्मेटच्या पैशांत काटछाट नको!