सत्कार आणि अधिकार

कोकणातील माणूस पोटामागे पुण्या-मुंबईला गेला, तरी त्याचे गाव त्याच्या आडनावात मुक्काम करून राहते. लोकमान्य टिळकांचे जन्मघर रत्नागिरी शहरात आहे आणि डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु याच कोकणातील पालवण गावाचे नाव आडनावात बाळगून जे बंधू इंग्लंडच्या मैदानांवर खेळले, त्यांची आठवण किती जणांना आहे? पहिल्या अखिल भारतीय क्रिकेट संघाने १९११ साली इंग्लंडचा दौरा केला. त्या दौऱ्यात सर्वाधिक बळी घेणारे बाळू पालवणकर आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजातील होते.

पूर्वीच्या मुंबई इलाख्यात लष्कराची नोकरी हा कोकणातील दलित कुटुंबांना दारिद्र्यातून वर काढणारा मोठा आधार होता. आंबेडकरांचे वडील लष्करात होते. बाळूंचे वडीलही लष्कराच्याच चाकरीत होते. बाळूंचा जन्म धारवाडचा, १८७६ सालचा. बालपण गेले पुण्यात. तेथे एका पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट आणि खेळपट्टीची देखभाल करण्याचे काम दरमहा तीन रुपयांवर त्यांना मिळाले. पुढे साहेबांच्या पूना जिमखान्यात पगार चार रुपये झाला. तेथे ग्रेग नावाच्या नामांकित इंग्रज फलंदाजाच्या सरावासाठी बाळूंनी तासन् तास डावखुरी फिरकी गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. चाकराने चेंडू टाकावा आणि साहेबाने तो टोलवावा, अशीच तेव्हाची व्यवस्था होती.

पुण्याच्या हिंदूंनी साहेबांना हरविण्यासाठी बाळूंना आपल्या संघात घेतले, ते मोठ्या वादविवादानंतर. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्याबरोबर एकाच चेंडूला हात लावीत. चहाच्या सुटीत मात्र बाळूंना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे ताट वेगळे वाढले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, चहाच्या पेल्याला होता! पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले. १९०६ आणि १९०७ साली हिंदूंनी युरोपियनांवर मिळविलेल्या विजयांत त्यांचा मोलाचा वाटा होता.

अशा पार्श्वभूमीवर १९११ चा दौरा आला. यापूर्वी, १८८६ व १८८८ साली, केवळ पारशांचे संघ इंग्लंडला जाऊन आले होते. या वेळी पारशी, हिंदू आणि मुसलमान प्रथमच एका संघात एकत्र आले. कप्तान होते एकोणीस वर्षांचे पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. ते वर्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे असल्याने महाराजांचा काळ मैदानापेक्षा समारंभांत अधिक गेला. कप्तान बहुतेक सामन्यांना हजरच नव्हता. तरीही कप्तानी बाळूंकडे आली नाही.

तेवीस सामन्यांपैकी संघाने सहा जिंकले व पंधरा गमावले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत विजय मिळाले अवघे दोन : लीस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्याविरुद्ध. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद ११३ धावा काढल्या व भारतीयांनी तो सामना एका गड्याने जिंकला. पस्तिशीला आलेल्या आणि खांद्याच्या दुखण्याने बेजार झालेल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ गडी त्यांनी बाद केले.

बाळू परतले तेव्हा मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. परंतु सत्कार निराळा आणि अधिकार निराळा. हिंदू संघाची कप्तानी त्यांना पुढेही मिळाली नाही. तिसरे बंधू विठ्ठल यांचा कप्तानीवरील दावा १९२० साली डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले व आपली भूमिका जाहीरपणे मांडली. लोकमताचा दाब आला, तडजोड झाली आणि बाळू उपकप्तान झाले. विठ्ठल यांच्याकडे कप्तानी आली ती १९२३ मध्ये, आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. बाळूंचे ११४ बळी जे करू शकले नाहीत, ते दोन भावांच्या नकाराने घडविले. गुणांची चहा होते, पण हक्क मागावाच लागतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

कदाचित यावर असे म्हटले जाईल की, संस्थानिकांच्या पैशावाचून ते दौरे निघालेच नसते, म्हणून कप्तानी त्यांच्याकडे जाणे स्वाभाविक होते. हा युक्तिवाद खर्चापुरता खरा आहे. पण खर्चाच्या गरजेने जे सुरू झाले, त्याची रीत बनली. १९३२ च्या दौऱ्याचे कप्तान पोरबंदरचे महाराज होते, १९३६ चे विजयानगरमचे महाराजकुमार. मुंबईच्या मध्यमवर्गातील अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडमध्ये कसोटी मालिका प्रथम जिंकली ती १९७१ साली. पहिल्या दौऱ्याला तेव्हा साठ वर्षे झाली होती, आणि बाळू १९५५ सालीच निवर्तले होते.

मैदानाबाहेरही बाळूंची वाट सरळ नव्हती. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे केले. कोकणातून निघालेली दोन दलित घराणी मुंबईत समोरासमोर आली. आंबेडकर विजयी झाले. जन्मभर इतरांच्या संघाला यश मिळवून देणाऱ्या माणसाला येथेही इतरांनीच पुढे केले, अशी शंका आल्यावाचून राहत नाही.

रत्नागिरीच्या पतितपावन मंदिराची दारे १९३१ साली सर्व जातींना खुली झाली, ही घटना जिल्हा अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. मात्र दार उघडणे ही पहिली पायरी होय. आत आलेल्याच्या हाती कारभार देणे ही दुसरी पायरी, आणि ती अधिक अवघड. आज कोकणात गावोगाव क्रिकेटचे सामने रंगतात, चांगल्या गोलंदाजाची जात कोणी विचारीत नाही, असे सांगितले जाते. तसे असेल तर आनंदच आहे. पण मंडळाचा अध्यक्ष कोण, संघ कोण निवडतो, देवळाच्या आणि सहकारी सोसायटीच्या समितीत कोण बसतो, हेही त्याच वेळी पाहिले पाहिजे. बाळू पालवणकरांचे खरे स्मरण हार-तुऱ्यांत नाही. पॅव्हिलियनच्या बाहेर आज कोण उभा आहे, हे पाहून त्याला आतली खुर्ची देण्यात ते आहे.