पिकपचा पोचा आणि पत्र्याचा गंज



पूर्वी दारात बैलगाडी असे. चाकाची धाव सैल झाली की गाडी लोहाराच्या दारी जाई. पण जाणता गाडीवान ती वेळच येऊ देत नसे. पावसाळ्याआधी तो लाकडाला तेल पाजी, आसाला वंगण देई. आज पुष्कळ दारांत बैलगाडीच्या जागी पिकप उभी आहे. तिच्यावर कर्जाचे हप्ते आहेत, टोमॅटो-कांद्याचा बाजार आहे, दुधाचे कॅन आहेत. मात्र तिच्या अंगाकडे आपण तेवढे पाहत नाही. इंजिन कुरकुरले की लगेच मिस्त्री बोलावतो, पत्र्याला खरचटले तर म्हणतो, "चालायचंच!" हेच ते दुखणे अंगावर काढणे.

आता पाहा, पोचा पडला म्हणजे नुसते रूप बिघडते काय? नाही. पोचा पडतो तिथे रंग तडकतो, पत्रा उघडा पडतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू या तिघांची गाठ पडली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून तो आजूबाजूचा रंग उचलतो, फोड आणतो, आणि त्या फोडाखाली ओल धरून पुढे सरकतो. मीठ असले तर ही चाल आणखी वाढते. म्हणून कोकणपट्टीत गाड्या लवकर गंजतात. मासळीचे खारे पाणी आणि पोटॅशसारखी क्षारयुक्त खतेही तेच करतात. खत वाहिले की हौदा त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावा. यात पैसा लागत नाही.

आणखी एक बिनपैशाचे काम. दरवाज्यांच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात. काचेवरून आत उतरलेले पाणी त्यांतून बाहेर जावे, अशी ही योजना असते. चिखलाने ती बुजतात, पाणी आत साठते आणि दरवाजा आतून सडू लागतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा पत्रा अर्धा खाल्लेला असतो. काडी घेऊन ती भोके मोकळी करा.

बरे, पोचा घरी काढता येतो का? लहान असला आणि मागच्या बाजूने हात पोहोचत असला, तर येतो. पण मोठा हातोडा घेऊन मधोमध दणके घालू नका. गाडीचा बाहेरचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. जोराने ठोकला की तो ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक करू लागतो. पोच्याभोवती उंचवट्याची एक कड उठलेली असते. तिनेच पोचा धरून ठेवलेला असतो. म्हणून मागून, खोलगट भागाखाली, जड लोखंडी ठोकळा दाबून धरावा आणि बाहेरून त्या कडेवर हलके ठोके द्यावेत. कडेकडून मध्याकडे यावे. अधूनमधून तळहातावर फडके घेऊन पत्र्यावरून फिरवावे. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळते.

पत्रा जवळजवळ सपाट झाला की पुढची कामे क्रमाने करावी. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढावा आणि जागा वाळू द्यावी. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज घासून काढावा, अगदी पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. राहिलेल्या सपाट खळग्यात पुट्टी भरावी, पण तीन मिलिमीटरहून जाड नको; जाड थर हादऱ्याने तडकतो. पुट्टी कोरडीच घासावी, कारण ती पाणी शोषते. १८० आणि नंतर ३२० नंबरचा पेपर वापरला की जागा गुळगुळीत होते. मग प्रायमरचे दोन पातळ हात, आणि ते पुरते वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

इथे पुष्कळांची एक चूक होते. लाल प्रायमर मारला की काम झाले असे समजून गाडी महिनोन्‌महिने तशीच फिरवतात. पण प्रायमर हा रंगाला धरून ठेवण्यासाठी असतो. तो एकटा पाणी अडवत नाही. ओल त्यातून झिरपते आणि खाली गंज चालूच राहतो. दुसरी चूक म्हणजे गंजावरच पुट्टी लिंपणे. हे वरून कीर्तन, आतून तमाशा! एक पावसाळा गेला की पुट्टी खपलीसारखी गळून पडते.

हौद्याच्या तळाला भोक पडले असेल तर कुजका पत्रा निब्बर पत्रा लागेपर्यंत कापून टाकावा. तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचे, सर्व बाजूंनी इंचभर मोठे ठिगळ घ्यावे. दोन्ही पत्र्यांना प्रायमर लावून ते रिव्हेटने बसवावे आणि कडा सीलंटने बुजवाव्यात, म्हणजे फटीत पाणी शिरणार नाही.

आता घरी काय करू नये, तेही नीट ऐका. गाडीची चॅसिस वाकली किंवा गंजून पापुद्रे निघू लागले, केबिनचे खांब दबले, दरवाजा नीट लागेनासा झाला, तर ती रंगरंगोटीची गोष्ट नव्हे. भरल्या गाडीचा आणि आत बसलेल्या माणसांचा सारा भार त्यावर असतो. तिथे जाणत्या कारखान्यातच जावे. ठोकर मोठी असेल आणि विमा मागायचा असेल, तर हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवावे, फोटो काढून ठेवावे. गाडीचा रंग पुस्तकावर नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आधी आर.टी.ओ.त जावे. मागची-पुढची चमकपट्टी रंगाखाली झाकू नये. रात्री मागून येणाऱ्याला आपली उभी गाडी त्या पट्टीनेच दिसते.

आणि जिवाची काळजी घ्या. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. भक्कम स्टँड आणि चाकाला उटी हवीच. थिनर पेट घेतो, म्हणून काम उघड्यावर करा, विडी-काडी दूर ठेवा. घासताना तोंडा-नाकावर मास्क लावा. हार्डनर मिसळून फवारायचे रंग मात्र कारागिरावर सोडा; त्यांचे बारीक तुषार फुप्फुसाला बाधतात आणि साधे फडके ते अडवत नाही.

गुरुजी, आपल्यासाठी एक सोपा प्रयोग. जस्त न चढवलेले साधे खिळे तीन बाटल्यांत ठेवा. पहिलीत साधे पाणी, खिळे अर्धे बुडतील इतके. दुसरीत तितकेच मिठाचे पाणी. तिसरीत चांगले उकळून हवा घालवलेले पाणी काठोकाठ, त्यावर तेलाचा थर. मुलांना आठवडाभर रोज नोंद करायला लावा. तिसऱ्या बाटलीतले खिळे जवळजवळ स्वच्छ राहतील. का, ते मुलेच सांगतील. आणि घरी जाऊन वडिलांच्या गाडीखाली डोकावतील.

मंडळी, मृगाच्या आधी एक दुपार काढा. पावसाळी दमट हवेत रंग नीट वाळत नाही, तेव्हा हे काम कोरड्या दिवसांतलेच. गाडी धुवा, भोके मोकळी करा, खरचटल्या जागी रंगाचा हात फिरवा. नाही तर बैल गेला आणि झोपा केला, असे व्हायचे.